आईच्या कपाटातल्या बाटल्या



भारतात जायची तिकिटं काढली की आपल्या घरोघरी एक यादी सुरू होते. भाचरांची चॉकलेटं, कुणाचा तरी फोन, बदाम-पिस्ते, आणि आई-वडिलांसाठी कॅल्शियम व व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांची भलीमोठी बाटली. बॅगेचं वजन जास्त झालं तर बदाम मागे राहतात, बाटली राहत नाही. पंधरा वर्षं मीही हेच करत आले. नाशिकला आईकडे पोचलं की आधी बाटली काढायची, "रोज दोन घ्यायच्या हं" असं बजावायचं, आणि आपण काहीतरी केलं या समाधानात तीन आठवड्यांनी परत यायचं.

२०२३ च्या पावसाळ्यात आई रात्री बाथरूमला जाताना पायपुसण्यावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. मी तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं. तिचे कपडे न्यायला कपाट उघडलं, तर साड्यांच्या मागे माझ्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. दोन सीलबंद, एकीची मुदत कधीच संपलेली. पुढे विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, गोळी केवढी मोठी, घशात अडकते. पोटही साफ होत नाही. पण तू एवढ्या लांबून आणलेल्या, टाकवत नाहीत." अधूनमधून घ्यायची ती सकाळच्या थायरॉइडच्या गोळीबरोबरच. कॅल्शियमबरोबर घेतलं तर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. हे मला माहीत होतं. तिला सांगायचं सुचलं नव्हतं.

माझ्या नावाआधीचं 'डॉक्टर' पीएच.डी.चं आहे, औषधं लिहून देण्याचं नाही. पण जैवरसायनशास्त्रात वीस वर्षं काढल्यावर निदान शोधनिबंध तरी वाचता येतात. पहिली बाटली घेण्याआधी जे वाचन करायला हवं होतं, ते मी आईच्या उशाशी बसून केलं. त्यातून हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड पोखरत असतात आणि काही त्या जागी नवं रचत असतात. तिशीपर्यंत रचणाऱ्यांचा वरचष्मा असतो. पुढे पारडं हळूहळू फिरतं, आणि रजोनिवृत्तीच्या आसपास इस्ट्रोजेन कमी झालं की काही वर्षं पोखरण्याचा वेग फार वाढतो. कॅल्शियम हा या बांधकामाचा माल. व्हिटॅमिन डी तो आतड्यातून रक्तात आणतं. माल कमी पडला तर बांधकाम अडतं हे खरंच. पण दारात सिमेंटची जास्तीची पोती उतरवली म्हणून भिंत जाड होत नाही. ती गवंड्यांवर आणि पाडकाम करणाऱ्यांवर अवलंबून असते. गोळ्यांवरच्या मोठ्या चाचण्यांचा अर्थ बराचसा या एका गोष्टीत सापडतो.

फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या ३,२७० स्त्रियांवरची चाचणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय ८४ होतं. रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट व्हिटॅमिन डी दिल्यावर दीड वर्षात खुब्याची फ्रॅक्चर्स ४३ टक्क्यांनी कमी झाली. गोळ्यांची कीर्ती वाढवण्यात या निकालाचा मोठा वाटा आहे. पण या बायका उन्हात जात नव्हत्या आणि त्यांच्या आहारात कॅल्शियम कमी होतं. जिथे खरा तुटवडा होता, तिथे तो भरून निघाला.

मग २००६ मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'चा निकाल आला. ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ स्त्रिया, रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम, ४०० युनिट डी, सात वर्षं. खुब्याच्या हाडाची घनता जेमतेम एक टक्क्याने जास्त राहिली; फ्रॅक्चरमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. ज्यांनी गोळ्या नेमाने घेतल्या त्यांच्यात फायदा दिसला, हे सांगायला हवं; पण नेमाने गोळ्या घेणारी माणसं बाकीही बरंच काही नेमाने करतात. २०२२ मध्ये इथल्या, बॉस्टनच्या 'व्हायटल' चाचणीने व्हिटॅमिन डीचा प्रश्न वेगळा काढून तपासला. २५,८७१ स्त्री-पुरुष, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून थोडा जास्त काळ. फ्रॅक्चरमध्ये फरक शून्य.

यावर आपल्यातला कुणीतरी लगेच विचारेल, की हे सगळे गोरे लोक, आपलं काय? प्रश्न रास्त आहे. सावळ्या त्वचेला तेवढंच व्हिटॅमिन डी तयार करायला जास्त ऊन लागतं, आणि बॉस्टनच्या अक्षांशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या उन्हात ते जवळजवळ तयारच होत नाही. ग्लासगोमध्ये स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि हाडं मऊ पडण्याचा आजार आढळल्याचं १९६२ मध्येच नोंदलं गेलं होतं. 'व्हायटल'मध्ये ज्यांचं डी सुरुवातीला कमी होतं त्यांनाही फायदा दिसला नाही, पण अगदी खालावलेल्या पातळीची माणसं त्यात थोडीच होती. म्हणजे या चाचण्यांवरून 'व्हिटॅमिन डी निरुपयोगी' असा निष्कर्ष काढता येत नाही. निघतो तो एवढाच, की कमतरता असेल तर ती भरून काढा. नसेल तर वरून ओतलेल्याचा हाडांना उपयोग दिसत नाही.

आणि कमतरता म्हणजे किती, यावरही तज्ज्ञांत वाद आहे. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये रक्तातली २० ची पातळी बहुतेकांना पुरेशी मानली. एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये ३० ची रेषा आखली, आणि एका रात्रीत कोट्यवधी धडधाकट माणसं 'कमतरतेची' झाली. २०२४ मध्ये त्याच सोसायटीने ३० चा आग्रह सोडला. निरोगी प्रौढांनी ही रक्ततपासणी सरसकट करू नये असं सांगितलं, आणि नेहमीच्या गरजेपेक्षा जास्त डी घेण्याची शिफारस पंचाहत्तरीपुढच्यांसारख्या काही गटांपुरती ठेवली. यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञगटाने तर घरी राहणाऱ्या, कमतरता वा ऑस्टिओपोरोसिस नसलेल्या स्त्रियांनी फ्रॅक्चर टाळण्यासाठी कॅल्शियम-डीच्या कमी मात्रेच्या गोळ्या घेऊ नयेत, असं २०१८ मध्येच म्हटलं होतं.

याच्या उलट टोक भारतात दिसतं: साठ हजार युनिटची पुडी. खरी कमतरता असेल तर डॉक्टर ती आठवड्याला एक अशी काही आठवडे देतात, आणि ते योग्यच आहे. पण चिठ्ठीवरची मुदत संपली तरी पुडी संपत नाही. औषधाच्या दुकानातून ती वर्षानुवर्षं येत राहते. डी चरबीत साठतं. अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडांना इजा होते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिलं, तर त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलं. हा निकाल २०१० चा.

मग काय करायचं? कॅल्शियमची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम, पन्नाशीपुढच्या स्त्रियांना आणि सत्तरीपुढच्या सगळ्यांना १,२००. हा आकडा जेवणासकट आहे, गोळीचा नाही. एक मोठा कप दूध किंवा दही म्हणजे ३०० च्या आसपास. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५०. मोड आणून घेतली तर अंगी जास्त लागते. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्लेली मांदेली. ही बेरीज आधी करावी, आणि कमी पडेल तेवढीच गोळी घ्यावी. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज चालू असतील तर सायट्रेट बरं. व्हिटॅमिन डी सत्तरीपर्यंत ६०० आणि पुढे ८०० युनिट. रक्त पातळ करणारं वॉरफरिनसारखं औषध चालू असेल तर गोळीत व्हिटॅमिन के मिसळलेलं नाही ना, हे लेबलवर बघा. हल्ली पुष्कळ गोळ्यांत ते असतं, आणि ते त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं.

आता मला सगळ्यात बोचणारी गोष्ट. २०१७ मध्ये आई अंगणात साधी अडखळून पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, कॅल्शियम लिहून दिलं, सहा आठवड्यांत 'बरी' झाली. पन्नाशीनंतर उभ्याच्या उभ्या पडून हाड मोडणं हा अपघात नसतो, ती पूर्वसूचना असते. पुढच्या फ्रॅक्चरची शक्यता त्यानंतर जवळजवळ दुप्पट होते. तेव्हाच तिची डेक्सा तपासणी व्हायला हवी होती. ना तिथल्या डॉक्टरांनी ती सांगितली, ना मी विचारली. मी त्या दिवाळीला आणखी एक बाटली नेली.

त्या वेळी खरं औषध उपलब्ध होतं. अलेंड्रोनेट १९९५ पासून वापरात आहे, आणि त्याची आठवड्याला एक घ्यायची गोळीही मिळते. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात. त्याच्या २००७ च्या मोठ्या चाचणीत खुब्याची फ्रॅक्चर्स ४१ टक्क्यांनी आणि मणक्याची ७० टक्क्यांनी कमी झाली. ही औषधं पाडकाम करणाऱ्या पेशींना आवर घालतात. दोन्हींची जेनेरिक रूपं भारतात मिळतात. त्यांचे दुष्परिणाम आहेत, दातांचं मोठं काम असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. पण ज्याला धोका आहे त्याच्या हिशेबात फायद्याची बाजू फार जड आहे. या औषधांबरोबर पुरेसं कॅल्शियम आणि डी लागतंच. तिथे गोळीची जागा आहे, औषधाची सोबतीण म्हणून.

दुसरं, पडूच नये याची तजवीज. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने ज्येष्ठांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असं २०१९ मध्ये १०८ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, टाचा उचलणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. याला ना बाटली लागते ना बॅग. बाथरूममध्ये धरायला दांडी, रात्रीचा दिवा, मोतीबिंदूचं वेळेवर ऑपरेशन, झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार. आणि ते सुटं पायपुसणं उचलणं.

आपण स्वतःला विवेकवादी म्हणवतो. कुणी गंडा बांधला, अंगारा लावला तर आपल्याला हसू येतं. मग माझी बाटली काय होती? परिणाम तपासल्याशिवाय, प्रश्न न विचारता, नेमाने वाहिलेली वस्तू. इथे अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट उपयोगी आहे हे बाजारात आणण्यापूर्वी सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. पण विकणाऱ्याला दोष देऊन मी सुटत नाही. मला ती हवी होती. आठ हजार मैलांवरून आईचा हात धरता येत नाही, बाटली पाठवता येते.

आणि हाडांची गोष्ट म्हातारपणी सुरू होत नाही. आमच्या घरी दूध आधी दादाला, मग बाबांच्या चहाला, राहिलं तर विरजणाला. आईच्या वाट्याला ताक, तेही पाणी घातलेलं. ती शेवटी जेवायची आणि उरलेलं जेवायची. तिच्या हाडांचा पाया घातला जायचा त्या वयात तिच्या ताटात काय होतं, हे कुणी पाहिलं नाही. ती तूट सत्तरीत माझ्या बाटलीने भरून निघणार नव्हती. आज तिच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई चाळिशीच्या आहेत, आणि त्यांच्या घरची वाटणीही अजून तशीच आहे.

खुबा मोडल्यावर पाचातलं निदान एक माणूस वर्षभरात जातं. आई गेली नाही, हे आमचं भाग्य. ती वॉकर घेऊन घरात फिरते, वर्षातून एकदा औषध घेते. पण घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि जी बाई रोज भाजी आणायला स्वतः जायची ती महिन्यातून दोनदा खाली उतरते.

म्हणून एक विनंती. या रविवारच्या फोनवर हवापाणी झालं की आई-वडिलांना चार प्रश्न विचारा. गेल्या वर्षात पडलात का? पन्नाशीनंतर कधी हाड मोडलं होतं का? उंची कमी झाल्यासारखी वाटते का? कोणत्या गोळ्या कशाबरोबर घेता, जरा वाचून दाखवता का? पहिल्या तिन्हींपैकी एकाचं उत्तर 'हो' आलं, तर डेक्सा तपासणीची वेळ ठरवून द्या. आपली हाडं लहान असल्याने यंत्राचा आकडा थोडा कमी दिसू शकतो, तेव्हा निकाल जाणकार डॉक्टरांकडून वाचून घ्या. आणि पन्नाशी गाठलेल्या मैत्रिणींनो, हेच प्रश्न आरशासमोरही विचारा.

गेल्या खेपेला मी बाटली नेली नाही. आईने बॅग उघडल्यावर दोनदा विचारलं, "गोळ्या विसरलीस का?" मी म्हटलं, नाही. मग सुतार बोलावून बाथरूमला दांडी बसवून घेतली. ती दांडी धरून आई म्हणाली, "हे आधी का नाही केलंस?"

कळावे, लोभ असावा.

आपली,
संपादक