गुरुजी परदेशात, वालधुनी गावात

मे १९६४. जपानमधल्या नुमाझू शहराजवळ पेट्रोकेमिकल संकुल येऊ घातले होते. बालदिनानिमित्त घरोघरी उंच काठ्यांवर कापडी मासे फडकत होते. तिथल्या तांत्रिक हायस्कूलचे शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन शहरभर फिरले आणि हे मासे कोणत्या दिशेला फडकतात, हे टिपत राहिले. उद्याचा धूर कोणाच्या घरात शिरणार, हे त्यातून लोकांना कळले. विरोध वाढला आणि त्याच वर्षी प्रकल्प बारगळला.

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरच्या शिक्षकांना परदेशात पाठवून, सांस्कृतिक देवाणघेवाणीतून नेतृत्वाचे आणि पर्यावरण शिक्षणाचे प्रशिक्षण द्यायचे, तर त्यांना असे काही पाहायला मिळावे. हारतुरे, समूहछायाचित्र आणि प्रमाणपत्र यांसाठी विमानाची तिकिटे काढण्याची गरज नाही.

या पट्ट्यात अभ्यासाचा विषय शोधावा लागत नाही. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी नदी १०६० सालच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरात येते, ती रसायने आणि सांडपाणी पोटात घेऊनच. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून तिच्यात रसायन ओतले गेले आणि शेकडो रहिवाशांना त्रास झाला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली, तेव्हा प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण हा विषय शाळांसाठी सक्तीचा करायला सांगितले. आता अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आहे. त्याच्या प्रकल्पाची चित्रे मात्र स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात.

याचा दोष शिक्षकांवर ढकलणे सोपे आहे; पण व्यवस्था त्यांना किती मोकळीक देते? परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले, पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीही मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये त्यासाठीच्या रजेवरूनच वाद पेटला आणि मार्ग काढायला शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावे लागले. जगाने गौरवलेल्या गुरुजींची ही कथा, तर बदलापूरच्या एखाद्या शाळेतल्या बाईंनी मुलांना उल्हास नदीवर न्यायची परवानगी कोणाकडे मागावी? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामे मान्य केली आहेत. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरण्यातच दुपार सरते. नेतृत्वाचे धडे घेऊन आलेल्या माणसाला पुन्हा त्याच संगणकापुढे बसवायचे असेल, तर परदेशवारी फुकट आहे.

शिवाय देवाणघेवाणीला पासपोर्टच लागतो असे कोणी ठरवले? ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगराची पायाभरणी झाली. सिंधूकाठ सोडून आलेला, झुलेलालला जलदेवता मानणारा सिंधी समाज इथल्या कॅम्पांत रुजला. बदलापूरच्या आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांना रान आणि ओढे तोंडपाठ आहेत. सिंधी शाळेतल्या शिक्षिकेने आठवडाभर वाडीवरच्या शाळेत शिकवावे, वाडीवरच्या गुरुजींनी कॅम्पातल्या शाळेत. ही पहिली फेरी इथेच होऊ द्या, जपान नंतर.

तिन्ही शहरांच्या पालिकांनी देवाणघेवाणीच्या या उपक्रमात पैसे घालण्याआधी एक अट घालावी. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला वर्षभर आठवड्यातला एक दिवस मोकळा मिळेल, पाणी तपासायचा संच मिळेल आणि मुलांना नदीवर नेण्याची लेखी मुभा मिळेल. मुलांच्या नोंदी दरमहा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात जाव्यात आणि मंडळाने त्यांना लेखी उत्तर द्यावे. उत्तर आले नाही, तर तेही पुढच्या शिक्षण परिषदेत सर्वांसमोर वाचून दाखवावे.