समुद्र रिकामा नाही

उत्तनला बोंबील वाळविणारा वारा घरोघरचे दिवेही उजळू शकतो. समुद्रातील पवनविद्युतेचे राष्ट्रीय धोरण २०१५ साली ठरले. जून २०२४ मध्ये गुजरात व तामिळनाडूच्या सागरात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी केंद्राने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हेतू स्तुत्यच, कोळसा जाळण्यापेक्षा वारा राबविणे श्रेयस्कर. परंतु तीरावरून ओसाड भासणारे पाणी हे कोळ्याचे वडिलोपार्जित शेत होय. डोलीचे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर एके ठिकाणी बांधलेले असते. तेथेच मनोरा उभा राहिला, तर त्याने जावे कोठे? आपल्या घरी मासळी शिजत नसेल. म्हणून कोळ्याची चूल आपणांस परकी ठरत नाही. आपल्या किनाऱ्यावर ही वेळ येईल, तेव्हा नकाशा आखण्यापूर्वीच उत्तनकरांस विचारावे.