फाइल मुलाच्या हातात द्या

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या टेबलावर बसलं की एक दृश्य हमखास दिसतं. बारावी झालेला मुलगा मागे उभा आणि फाइल वडिलांच्या बगलेत. गेल्या वर्षी एका मुलीपुढे अर्ज सरकवून मी म्हटलं, "इथे सही कर." तिने पेन उचललं आणि आईकडे वळून विचारलं, "मराठीत करू की इंग्रजीत?" फिजिक्समध्ये नव्वदच्या वर मार्क असलेल्या त्या मुलीची सही अजून ठरलेलीच नव्हती. यात तिचा काय दोष? तिला कुणी सही करूच दिली नव्हती.

पालकांनो, "त्याची बारावी आहे" असं म्हणत आपण मुलांच्या हातातलं एकेक काम काढून घेतो. दळण आणायचं नाही, आजीला दवाखान्यात न्यायचं नाही, घरच्या लग्नालाही यायचं नाही. नीट-सीईटीची चुरस मी रोज बघतो, अभ्यासाला पर्याय नाही हेही जाणतो. पण अठरावं वरीस पूर्ण होतं ते याच सुमारास. मग कर्जाच्या कागदावरची सही त्याची त्यालाच निस्तरावी लागते.

तेव्हा कागदपत्रांपासून सुरुवात करा. राखीव जागेवर इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला जायचं तर जात पडताळणी लागते, आणि ती अकरावीतच हाती घेतलेली बरी. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. म्हणजे बहुधा आजोबांचा शाळेचा दाखला. तो आणायला मुलीलाच आजोबांबरोबर गावच्या शाळेत पाठवा. मुख्याध्यापकांकडे अर्ज कसा द्यायचा, जुन्या रजिस्टरमधल्या पिवळ्या पानावर आजोबांचं नाव कसं हुडकायचं, आडनावात एक अक्षर वेगळं निघालं तर पुढे काय, हे तिला तिथेच कळेल. आजोबांनी शाळा कोणत्या इयत्तेत सोडली, तेही कदाचित पहिल्यांदाच समजेल.

बँकेचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने 2014 पासून दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवायची मुभा दिली आहे. तरी सतराव्या वर्षीही पैसे भरायची स्लिप वडीलच लिहितात. महिन्याचे बसचे, झेरॉक्सचे, चहा-वड्याचे पैसे एकदम खात्यात टाका आणि हिशेब त्याच्याकडे सोपवा. वीस तारखेला संपले तर लगेच आणखी टाकू नका. मतदार यादीसाठी सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. सहा नंबरचा तो फॉर्मही त्यालाच भरू द्या.

चुका होतील. उत्पन्नाचा दाखला जोडायचा राहील, अर्ज परत येईल. त्रुटी काय आहे, ते खिडकीवरच्या बाईंना त्यालाच विचारू द्या. तुम्ही बरोबर जा हवं तर, पण बाहेर बाकावर बसा.