रणगाड्याखालचा कासरा



गेल्या अंकात सोयाबीनच्या बीजप्रक्रियेबद्दल लिहिले होते. आता पेरण्या उरकत आल्या असतील आणि उघडीप मिळाली की कोळपणीची घाई सुरू होईल. तेवढ्या सवडीत आज पिकापाण्याचे सोडून एका माणसाबद्दल लिहितो. येत्या ११ जुलैला त्यांचा स्मृतिदिन आहे.

मी येरवड्यात राहतो. होळकर पूल ओलांडला की पलीकडे खडकी, म्हणजे बॉम्बे सॅपर्सचे ठाणे. लष्करातली रस्त्यांची, पुलांची, सुरुंगांची कामे करणारी ही माणसे. त्या बाजूला गेलो की मला दोन माणसे आठवतात. एक माझे मामा, दुसरे मेजर रामा राघोबा राणे.

मामा याच खडकीत रंगरूट म्हणून भरती झाले आणि हवालदार होऊन गावी परतले. राण्यांची गोष्ट मी त्यांच्याकडूनच ऐकली, तीही वखरामागे चालताना. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. हातात कासरा देऊन म्हणाले, "नुसता ओढू नको. तुला काय हवंय ते बैलाला कळलं पाहिजे. राणेसाहेबांनी कासऱ्यावर रणगाडा चालवला होता." मला ती थाप वाटली. थाप नव्हती.

राण्यांचे मूळ गाव कारवारजवळचे चेंडिये. जन्म २६ जून १९१८ चा. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदल्यांमागून बदल्या. १९४० च्या जुलैत ते साधे रंगरूट म्हणून दाखल झाले, ब्रह्मदेशात महायुद्ध लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले.

पुढे चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, काश्मिरात नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली. शत्रूने वाटेत सुरुंग पेरले होते, मोऱ्या उडवल्या होत्या, चीडची मोठी झाडे रस्त्यावर आडवी पाडली होती. रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडे जाणार नाहीत, आणि रणगाड्यांशिवाय राजौरी हाती येणार नाही. ८ एप्रिलला बरवालीच्या टेकडीपाशी राण्यांची तुकडी कामाला लागते न लागते तोच उखळी तोफांचे गोळे पडले. दोन जवान ठार झाले, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे होते.

ते मागे गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, दोन पट्ट्यांच्या मधोमध सरपटत पुढे जाऊ लागले. हातात दोरी, दुसरे टोक चालकाकडे. दोरीच्या खुणेवर रणगाडा थांबायचा, खुणेवर पुढे सरकायचा. चुकून चाल बिघडली तर वरचे लोखंडी धूड अंगावर, आणि पुढे जमिनीत सुरुंग. ज्याने नवखा बैल औताला धरला असेल त्याला हे कासऱ्याचे काम मी आणखी समजावून सांगायला नको.

असे चार दिवस चालले. आडवी झाडे सुरुंग लावून उडवायची, मोरी गेली असेल तिथे बगलेने वाट काढायची. ११ तारखेला सकाळी सहाला सुरुवात करून अकरापर्यंत चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला आणि पुढचा साफ करीत रात्री दहापर्यंत राबले. दुसऱ्या दिवशी राजौरी हाती आली. या कामगिरीसाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले. १९४७-४८ च्या त्या लढाईत पाच परमवीर झाले, त्यांतले तिघे मरणोत्तर. हयात राहिलेले दोघेच, राणे आणि करमसिंग.

१९५५ साली त्यांचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. हिशेब मांडून पाहा: अठ्ठावीस वर्षे नोकरी आणि सव्वीस वर्षे घरची. आपण त्यातले चारच दिवस सांगतो. उरलेला संसार घरच्यांनाच ठाऊक.

आमच्या मामांचे तर चार दिवसही कुणाला ठाऊक नाहीत. घरात ते 'पेन्शनवाले', एवढेच. मीही कधी विचारले नाही, याची आता रुखरुख लागते. ते गेले तेव्हा मामीची कुटुंब पेन्शन अडकली, कारण लष्करी कागदांवर तिचे माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे. पत्र्याची पेटी उपसून डिस्चार्ज बुक सापडायलाच पंधरा दिवस गेले. म्हणून सांगतो, तुमच्या घरी माजी सैनिक असेल तर तो धडधाकट असतानाच डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश काढून बघा. बायकोचे नाव, जन्मतारीख जुळते का ते तपासा. नसेल जुळत तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्तीची वाट विचारा. आणि पेटी उघडलीच आहे तर त्याला जवळ बसवून विचारा, कुठे होता, काय बांधले.

मामीची पेन्शन आठ महिन्यांनी सुरू झाली. मामांनी गावी आल्यावर ओढ्यावर दगडांची एक मोरी बांधली होती, कुणी न सांगता, पदरचे पैसे घालून. गेल्या आठवड्यात जाऊन आलो. तिच्यावरून आता ट्रॅक्टर जातात.

पुढच्या अंकी कोळपणी आणि तणांविषयी.