वाटीभर म्हणजे किती?

परवा एका मैत्रिणीकडे बसले होते. तिची लेक पहिल्यांदाच परगावी नोकरीला गेलीय. तिचा फोन आला, "आई, चौघींना मसालेभात करायचाय. तांदूळ किती घेऊ?" "दोन वाट्या घे गं." "पण आपली वाटी इथे कुठंय? ग्रॅममध्ये सांग ना!" मैत्रीण गप्पच झाली. तीस वर्षं रोज भात लावणाऱ्या बाईला आपल्या वाटीत किती तांदूळ मावतो, हे सांगता येईना!

यात तिची काय चूक? पूर्वी धान्य मापूनच मिळायचं आणि मापूनच शिजायचं. पाव शेराचं चिपटं, अर्ध्या शेराचं मापटं, चार शेरांची पायली. 1956च्या कायद्याने दशमान पद्धत आणली आणि दुकानात किलो आला. स्वयंपाकघरात मात्र वाटीच राहिली. घ्यायचं वजनावर, रांधायचं मापावर!

म्हणून हा हिशेब एकदा लिहूनच ठेवा. 200 मिलिलिटरच्या मापात सपाट भरलेला तांदूळ साधारण 160 ते 170 ग्रॅम भरतो. म्हणजे किलोला सहा मापं. राइस कुकरबरोबर येणारा कप बहुधा 180 मिलिलिटरचा, त्यात दीडशे ग्रॅम. अमेरिकन पुस्तकातला कप 240 मिलिलिटरचा, त्यात दोनशे ग्रॅमच्या आसपास. 'कप' वाचून चहाचा कप घेतला, की अंदाज चुकलाच म्हणून समजा. पाणीही तांदळाच्याच मापाने घ्यावं. मात्र जुन्या तांदळाला ते जास्त लागतं, नव्याला कमी. हे काही काटा सांगत नाही, ते हातालाच कळतं.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? तर ऐका. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातल्या कुटुंबांना महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं. तो सगळा तांदूळच धरला, तर तीस मापं होतात. दिवसाला एक, तेही सपाट. रोज शीग लावून भरलं, तर महिनाअखेरीच्या आधीच डबा खडखडतो. अशा घरातली बाई वाटीवरून बोट फिरवून तांदूळ सपाट करते, तेव्हा ती चक्क गणित करत असते. आणि आपण सगळे त्याला म्हणतो काय, तर 'बायकांचा अंदाज'! आपणही तेच म्हणतो, हे जास्त वाईट.

मैत्रिणींनो, आजच आपली रोजची वाटी भरून वाण्याच्या काट्यावर तोला. आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. लेकीला कळवा, आणि हो, लेकालाही! भात त्यालाही लागतोच की.