बुखारीची कुरकुर

लडाखात हिवाळा काढलेल्यांना केरोसिनची बुखारी सांगायला नको. आता आमच्याकडे लाकडी पेलेटवर चालणारी बुखारी आली आहे. काजळी कमी, ऊब चांगली. पण तिच्यासोबत एक वाक्यही आलं: "साहब, मशीन है, आवाज़ तो करेगी ही." माझं भांडण या वाक्याशी आहे.

रचना साधी आहे. टाकीत भुशाच्या दाबून केलेल्या 6 ते 8 मिलिमीटर जाडीच्या गोळ्या. तळाच्या नळीत एक लांब स्क्रू, त्याला ऑगर म्हणतात. गिअरची मोटर तो हळूहळू, थांबून थांबून फिरवते आणि गोळ्या आगीत पडतात.

यातला प्रत्येक आवाज वेगळं सांगतो. अधूनमधून 'कट्' आलं तर लांब गोळी तुटली, सोडून द्या. सतत करकर म्हणजे ऑगर आणि नळीच्या मध्ये भुसा ठासला आहे किंवा बुश कोरडा पडला आहे. ठरावीक अंतराने टकटक म्हणजे बहुधा गिअरचा दात गेला. मोटर नुसतीच घुमते पण स्क्रू जागचा हलत नाही, म्हणजे नळीत काहीतरी अडकलं आहे.

शंका असेल तर बुखारी विझवून थंड होऊ द्या, वीज तोडा, टाकी रिकामी करा. मोटर ऑगरपासून सोडवून एकटीच चालवून पाहा. आवाज राहिला तर दोष मोटरमध्ये, गेला तर नळीत.

आपण काय करतो? नळीवर हातोडीचा टोला, नाहीतर वरून तेल. टोल्याने भुसा जरा सरकतो, आवाज थांबतो, कारण तिथेच राहतं. तेलाने भुशाचा लगदा होतो. शिवाय आगीशेजारी तेल ओतणं हा शहाणपणा कुठला?

"उणे वीसमध्ये बुखारी बंद ठेवायची का?" असं विचारणारे भेटतात. हो, ठेवायची. तासभर स्लीपिंग बॅगेत काढता येतो. पुरवठा अडखळला की आग नुसती धुमसते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. लेह 3500 मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच दाट, त्यामुळे आगीला आणि माणसाला, दोघांनाही प्राणवायू आधीच कमी. धुराड्याचा सांधा गळका असेल, तर झोपलेली बराक सकाळी उठेलच याची खात्री नाही.

आणि मूळ दोष बहुतेक वेळा बुखारीचा नसतोच, स्टोअरचा असतो. पेलेटमध्ये ओल 10 टक्क्यांच्या वर गेली की त्या फुगतात, भुगा होतात. फाटक्या ताडपत्रीखाली, थेट जमिनीवर पोती रचायची आणि रात्री बोलणी खायची पहाऱ्यावरच्या पोराने, हा कुठला न्याय? फळ्या टाकायला हव्या होत्या, त्या आम्ही अधिकाऱ्यांनी.

रायफलच्या बोल्टचा आवाज बदलला तर "आवाज तर येणारच" असं कोणी म्हणत नाही. मग जी वस्तू रात्रभर दहा माणसांच्या उशाशी जळते, तिच्याबाबतीत का म्हणतो? माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. आवाजाची नोंद रोजच्या वहीत व्हावी, आणि जो जवान तो ऐकेल त्याला कोणालाही न विचारता बुखारी विझवायचा अधिकार असावा. त्याची तक्रार कुरकुर समजून उडवून लावणाऱ्याने एक रात्र त्याच बराकीत झोपून दाखवावं.