कॅमेऱ्याचे तोंड कुणीकडे?

यंत्रावर दुरून लक्ष ठेवता यावे म्हणून कॅमेरा बसवला आहे, असे कोणी सांगितले की आम्ही आधी त्या कॅमेऱ्याचे तोंड कुणीकडे आहे ते पाहतो. भोसरीला, सातपूरला, कोल्हापूरजवळच्या शिरोलीला, जिथे जिथे लेथ आणि मिलिंगची लहान वर्कशॉप आहेत, तिथे ही परीक्षा कोणीही करून पाहावी. बहुधा कॅमेरा कोपऱ्यात, छताखाली टांगलेला असतो. तिथून टूलचे टोक दिसत नाही, चकमध्ये पकडलेला जॉब दिसत नाही, कंट्रोलरच्या पडद्यावरचा आकडा दिसत नाही. दिसते ती ऑपरेटरची पाठ. तरीही या व्यवस्थेला ‘मशीन मॉनिटरिंग’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आमचा आक्षेप या नावापासून सुरू होतो, पण तिथे संपत नाही.

यंत्र बिघडू लागले की ते क्वचितच आधी डोळ्यांना कळते. इन्सर्टची धार गेली की कापण्याचा आवाज बदलतो. थरथर सुरू झाली की ती कानाला आणि मशीनवर टेकलेल्या तळहाताला जाणवते. निघणाऱ्या किसाचा आकार वा रंग बदलला की जाणकार माणूस हातातले काम सोडून तिकडे वळतो. मापातला १० मायक्रॉनचा फरक तर मायक्रोमीटर लावल्याशिवाय समोर उभ्या असलेल्यालाही कळत नाही, मग भिंतीवरच्या कॅमेऱ्याची काय कथा! शिवाय आजच्या व्हीएमसीचे दार कटिंग चालू असताना बंद असते आणि काचेवर आतून कूलंटचा मारा चालू असतो. बाहेरून कितीही बारकाईने पाहिले तरी दिसायचे ते पांढुरके धुकेच.

आणि गंमत अशी की यंत्राविषयी जे जाणून घ्यायचे त्यातले बरेचसे यंत्र स्वतःच नोंदवत असते. स्पिंडलवर भार किती आला, कोणता अलार्म किती वाजता आला, किती सायकली पूर्ण झाल्या, हे सारे कंट्रोलरच्या पोटात असते. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांकडून ही माहिती एकाच भाषेत काढून घेता यावी म्हणून एमटीकनेक्ट नावाचे खुले मानक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यालाही आता बराच काळ लोटला. जुन्या यंत्रांना ही सोय नाही हे खरे. पण मोटरच्या तारेवर विद्युतप्रवाह मोजणारा लहानसा सेन्सर बसवला तरी यंत्र चालू आहे की बंद, रिकामे फिरते आहे की कापते आहे, हे पुष्कळसे कळते. हे सगळे मार्ग सोडून कॅमेराच का निवडला जातो? तो स्वस्त आहे आणि बसवायला सोपा आहे, हे एक उत्तर. दुसरे उत्तर सहसा उच्चारले जात नाही. कॅमेऱ्यात माणूस दिसतो, सेन्सरमध्ये दिसत नाही.

आम्ही कॅमेऱ्याचे सरसकट विरोधक नाही. रात्री माणसांवाचून चालणाऱ्या यंत्रात किसाचा गुंता टूलभोवती बसला, तर तो दाखवायला आतला कॅमेराच उपयोगी पडतो. ठिणगीने धातू कोरणाऱ्या इडीएम यंत्रात तेल वापरलेले असते आणि तेल म्हटले की आगीचे भय आले. तिथे लांबून डोळा ठेवण्यात शहाणपणच आहे. पाठीमागचे दुसरे यंत्र समोरच्या पडद्यावर पाहता आले तर दोन यंत्रे सांभाळणारा ऑपरेटर स्वतःच धन्यवाद देईल. लहान मालकाची अडचणही आम्हांला ठाऊक आहे. चार यंत्रे कर्जावर घेतलेली, हप्ता महिन्याच्या महिन्याला दारात उभा, आणि मालक स्वतः कधी बँकेत, कधी थकलेल्या बिलासाठी गिऱ्हाइकाच्या दारी. बंद यंत्राचा प्रत्येक तास त्याला टोचतो. त्याने खिशातला फोन काढून आपल्या शेडमध्ये डोकावावे, यात राक्षसी काही नाही.

प्रश्न त्या फोनवर त्याला काय दिसते आणि त्यावरून तो काय ठरवतो, हा आहे. पडद्यावर यंत्र थांबलेले दिसते आणि शेजारी माणूस नुसता उभा दिसतो. कॅमेऱ्याच्या लेखी हा आळस. प्रत्यक्षात त्या माणसाला आवाजात काही खटकलेले असते आणि तो कान देऊन, क्षणभर विचार करून, टूल बदलावे की ऑफसेट तपासावा हे ठरवत असतो. कुशल कारागिराचे अत्यंत मोलाचे काम हेच की वेळेवर थांबणे. त्या दोन मिनिटांनी जॉब वाचतो, कधी कधी स्पिंडल वाचतो. परंतु चित्रात विचार करणारा माणूस आणि रिकामा माणूस अगदी सारखे दिसतात. दोनदा फोन येतो, ‘मशीन बंद का?’ तिसऱ्या वेळी आवाज बदलला तरी ऑपरेटर यंत्र चालू ठेवतो. पडद्यावर आता सारे सुरळीत दिसते. यंत्राच्या रक्षणासाठी आणलेल्या साधनाने यंत्राच्या खऱ्या रक्षकाला गप्प केले, हा या व्यवस्थेवरचा आमचा मुख्य आरोप आहे.

आमच्या साहित्यिक वर्तुळांत पाळतीचा विषय निघाला की फुकोचे नाव निघते आणि फुकोबरोबर जेरेमी बेंथमचा गोल तुरुंग येतो. त्या तुरुंगाचा उगम मात्र सहसा सांगितला जात नाही. मूळ कल्पना जेरेमीची नव्हतीच. ती त्याचा भाऊ सॅम्युएल याची होती, आणि ती तुरुंगासाठी नव्हती, कारखान्यासाठी होती. आजच्या बेलारूसमधील क्रिचेव्ह येथे पोटेमकिनच्या जहागिरीवर सॅम्युएल कारखाने पाहत होता. अनेक कामगारांवर थोडक्या माणसांना नजर कशी ठेवता येईल, या अडचणीतून त्याला मध्यभागी निरीक्षक बसवलेली वर्तुळाकार इमारत सुचली. जेरेमीने तिथूनच १७८७ मध्ये त्याविषयी पत्रे लिहिली आणि १७९१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. म्हणजे कैद्यावर रोखलेली ही नजर आधी कारागिरावर रोखलेली होती. तुरुंगाची उपमा देऊन कारखान्याचे वर्णन करणारे आम्ही टीकाकार प्रत्यक्षात उलट्या दिशेने वाचत आलो. आणि शहराच्या कडेला असलेल्या औद्योगिक वसाहतीत ही नजर दर महिन्याला नव्याने टांगली जात असताना आम्ही कादंबऱ्यांतली पाळत शोधत बसलो.

याच इतिहासात दुसरी एक वाटही आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपोआप थांबत असे. त्यामुळे प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून उभे राहण्याची गरज उरली नाही आणि एकट्या माणसाला अनेक माग सांभाळता येऊ लागले. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांत याच विचाराने कामगाराच्या हाती दोरी दिली गेली. काही बिनसले असे वाटले की त्याने ती ओढायची. दिवा लागतो, मदतीला माणूस येतो आणि गरज पडली तर अख्खी रांग थांबते. टोयोटाचा कारखाना म्हणजे कामगारांचा स्वर्ग, असे आम्ही म्हणत नाही. तिथल्या वेगाचा जाच जगजाहीर आहे. तरी या एका बाबतीत त्यांची समज पक्की होती. थांबणे हा तिथे गुन्हा नव्हता, ती माहिती होती. हाक यंत्राकडून आणि कामगाराकडून निघत होती. आमच्या शेडमध्ये ती मालकाच्या फोनवरून निघते.

यावर कायदा काय करतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला वेगळ्या संमतीची गरज ठेवलेली नाही. एवढ्या रुंद दारातून कोणताही कॅमेरा आत येईल. कंत्राटी कामगाराने आणि शिकाऊ उमेदवाराने त्याविरुद्ध बोलावे, ही अपेक्षा तर क्रूर थट्टाच ठरेल. म्हणून नियम व्हायचा तो शेडमध्येच व्हायला हवा, आणि तो अवघडही नाही. यंत्रासाठी कॅमेरा असेल तर चौकटीत यंत्रच असावे: दिवा, पडदा, किसाचा पट्टा, कापण्याची जागा. जे चित्र मालकाला दिसते ते ऑपरेटरलाही दिसावे. त्या चित्रावरून कोणाचा पगार कापला जाऊ नये. थोड्या दिवसांनी ते पुसले जावे. आणि यंत्र थांबलेले दिसले तर पहिला प्रश्न ‘काय ऐकू आले?’ असा असावा.

हे मान्य नसेल तर निदान नाव तरी प्रामाणिक ठेवा. माणसावरच नजर ठेवायची असेल तर दारावर तसे लिहा, यंत्राच्या नावामागे लपू नका. त्या पाटीखाली काम करायला कोणता कसबी कारागीर किती दिवस टिकतो, ते मग बाजारच दाखवून देईल.